श्वासाबरोबर हलणारे यकृत : किरणोपचारातील एक बिकट प्रश्न

मनुष्य अगदी स्वस्थ पडून राहिला तरी त्याच्या शरीरात संपूर्ण स्तब्धता कधीच नसते. हृदय आकुंचन-प्रसरण पावत असते. जठर व आतडी अन्न पुढे ढकलीत असतात. आणि फुप्फुसांच्या खाली घुमटासारखे पसरलेले श्वासपटल प्रत्येक श्वासाबरोबर खाली उतरते व उच्छ्वासाबरोबर पुन्हा वर चढते. या श्वासपटलाला खालून लगटून, उजव्या बाजूच्या बरगड्यांच्या आश्रयाने यकृत राहते. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे सव्वा ते दीड किलोग्रॅम वजनाचे असते. एवढा जड अवयव श्वासपटलाच्या हालचालीबरोबर सतत खालीवर सरकत असतो. शांत श्वसनात हे सरकणे बहुधा एक ते अडीच सेंटीमीटर असते; दीर्घ श्वास घेतल्यास ते याहून वाढते. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडेही यकृत काही मिलीमीटर हलते.

मिनिटास पंधरा श्वास धरले, तर वीस मिनिटांत यकृताच्या तीनशे फेऱ्या होतात. एरवी या हालचालीची कोणास जाणीवही नसते. परंतु यकृतात कर्करोगाची गाठ उत्पन्न झाली आणि ती किरणांच्या साहाय्याने नष्ट करावयाचे ठरले, म्हणजे हीच हालचाल वैद्यांपुढे मोठी अडचण म्हणून उभी राहते. किरणांचा झोत मिलीमीटरच्या हिशेबाने रोखता येतो. पण ज्यावर तो रोखावयाचा ते लक्ष्यच दर चार सेकंदांनी जागा सोडून जाते व परत येते. ही अडचण शास्त्रज्ञांनी कशी ओळखली, तिच्यावर कोणते उपाय योजले आणि या कामी बंगळुरू येथे झालेल्या एका गणिती संशोधनाचा कसा उपयोग झाला, ते पुढे सांगितले आहे.

यकृताची सहनशक्ती

किरणोपचारात साधारणतः रेषीय त्वरक नावाच्या यंत्रातून निघणारे उच्च शक्तीचे क्ष-किरण वापरतात. रुग्णालयात या यंत्राला 'लिनॅक' असे म्हणतात. हे किरण पेशींच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडतात. धागे तुटलेली पेशी पुढे विभागू शकत नाही व कालांतराने मरते. किरणांना रोगी पेशी व निरोगी पेशी यांतील भेद कळत नाही. जी पेशी वाटेत येईल तिला इजा व्हावयाचीच. यास्तव किरण कोठे पडतात यावर उपचाराचे यश अवलंबून असते.

शरीराने शोषलेल्या किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम वजनाच्या भागात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली, म्हणजे त्या भागास एक ग्रे मात्रा मिळाली. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावावरून हे एकक आले आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी १९९१ साली निरनिराळ्या अवयवांच्या सहनशक्तीचा अनुभव एकत्र केला. त्यानुसार संपूर्ण यकृतास रोज थोडी थोडी करून एकंदर सुमारे ३० ग्रे मात्रा दिली, तर शंभरांपैकी पाच रुग्णांत यकृत निकामी होण्याची भीती असते. यकृताच्या केवळ एकतृतीयांश भागास किरण लागले, तर मात्र तो भाग ५० ग्रेपर्यंत सहन करतो. गाठ नष्ट करण्यास ३० ग्रे क्वचितच पुरतात. म्हणूनच विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात यकृताच्या कर्करोगावर किरणोपचार फारसा उपयोगी नाही, असा समज रूढ होता.

निरोगी यकृताची एक थोर शक्ती अशी की, त्याचा निम्म्याहून अधिक भाग शस्त्राने काढून टाकला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. परंतु यकृताचा प्राथमिक कर्करोग बहुतेक वेळा निरोगी यकृतात होत नाही. कावीळ बी व कावीळ सी यांचे विषाणू, मद्यपान, किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे वर्षानुवर्षे झिजून, चट्टे पडून कठीण झालेल्या यकृतात तो उद्भवतो. अशा रुग्णाजवळ निरोगी यकृताची शिल्लक आधीच थोडी असते. गाठ मारण्याच्या नादात ही शिल्लक किरणांनी जाळली गेली, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पोटात पाणी होते, यकृत सुजते, आणि गाठ आटली तरी रुग्ण हातचा जातो. या उपचारात एकेका घनसेंटीमीटर निरोगी यकृताचा हिशेब ठेवावा लागतो तो याच कारणाने.

कडेच्या हद्दीचे गणित

हालचालीवरील सर्वांत सोपा उपाय म्हणजे किरणांचा झोत मोठा करणे. गाठ वर जावो की खाली, ती झोताच्या बाहेर पडणार नाही इतकी रुंद हद्द तिच्याभोवती आखावयाची. अनेक वर्षे हाच उपाय करीत असत. त्याची किंमत किती पडते हे शाळेतील भूमितीनेही समजू शकते.

मध्यम लिंबाएवढी, ४ सेंटीमीटर व्यासाची गोल गाठ घेऊ. गोलाच्या घनफळाच्या सूत्राप्रमाणे तिचे घनफळ सुमारे ३३ घनसेंटीमीटर भरते. तिच्याभोवती चोहोकडे ५ मिलीमीटरची हद्द ठेवली, तर व्यास ५ सेंटीमीटर व घनफळ सुमारे ६५ घनसेंटीमीटर होते. तीच हद्द १५ मिलीमीटरची केली, तर व्यास ७ सेंटीमीटर आणि घनफळ सुमारे १८० घनसेंटीमीटर होते. गाठीचे घनफळ वजा केले असता पहिल्या हद्दीत सुमारे ३२ घनसेंटीमीटर निरोगी यकृत सापडते. दुसरीत सुमारे १४६. हद्द तिप्पट झाली. तिच्या आत सापडणारे निरोगी यकृत साडेचार पटींहून अधिक झाले. फळ लहान असले तरी त्याची साल जाड झाली की सालीचेच घनफळ फळाहून किती मोठे होते, हे यावरून दिसून येईल.

याच्या उलट, हालचाल लक्षात न घेता हद्द अगदी आखूड ठेवली, तर गाठीचा वरचा किंवा खालचा काठ श्वासागणिक झोताबाहेर जातो, त्यास पूर्ण मात्रा मिळत नाही, आणि तेथून रोग पुन्हा डोके वर काढतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकीतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. श्वासामुळे होणारी हालचाल ५ मिलीमीटरहून अधिक असेल, तर ती आवरण्याचा किंवा हिशेबात घेण्याचा उपाय योजावा, अशी शिफारस त्यात आहे. यकृताची हालचाल बहुतेक रुग्णांत या मर्यादेपलीकडे जाते.

हद्द आखूड ठेवावयाची आणि गाठही सुटू द्यावयाची नाही, हे दोन्ही साधावयाचे तर गाठ प्रत्येक क्षणी कोठे आहे हे दिसले पाहिजे. म्हणून हा प्रश्न प्रथम चित्राचा प्रश्न होतो.

छायेवरून चित्र

साधा क्ष-किरण फोटो म्हणजे एक छाया होय. छायेत पुढचे व मागचे सर्व अवयव एकावर एक पडलेले दिसतात. त्यातून यकृताच्या आतील गाठ वेगळी काढता येत नाही. परंतु एकाच वस्तूच्या छाया सर्व बाजूंनी घेतल्या, तर त्यांच्यावरून वस्तूच्या आतील रचना गणिताने काढता येते. हे तत्त्व योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ साली सिद्ध केले होते. तथापि तत्त्व सिद्ध होणे वेगळे आणि प्रत्यक्ष आकडेमोड थोड्या वेळात व बिनचूक होणे वेगळे.

या दुसऱ्या कामात बंगळुरूचे नाव येते. कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी गुंफण उलगडणारे आणि प्रथिनांच्या रचनेचा सुप्रसिद्ध नकाशा देणारे शास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन हे मद्रास विद्यापीठातील दीर्घ कारकीर्दीनंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले व तेथे त्यांनी रेणवीय जीवभौतिकी विभाग उभा केला. त्यांनी व ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी मिळून लिहिलेला एक निबंध १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. क्ष-किरण छाया व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे यांवरून त्रिमिती रचना कशी काढावी, हा त्याचा विषय होता.

त्यांच्या पद्धतीचे सार असे. प्रत्येक छाया ज्या दिशेने घेतली त्याच दिशेने ती कागदावर उलट पसरावयाची, आणि सर्व दिशांच्या अशा पसरलेल्या छायांची बेरीज करावयाची. या बेरजेतून वस्तूचे चित्र उमटते खरे, पण ते धूसर असते. प्रत्येक बिंदूभोवती एक प्रभावळ राहते. ही प्रभावळ घालविण्याकरिता छाया पसरण्यापूर्वीच तिच्यावर एक संस्कार करावयाचा : प्रत्येक ठिकाणच्या आकड्यातून त्याच्या आजूबाजूच्या आकड्यांचा ठरावीक प्रमाणात अंश वजा करीत जावयाचे. असे केले म्हणजे पसरलेल्या छायांचे अधिक व उणे भाग प्रभावळीच्या जागी परस्परांना खोडून टाकतात, आणि चित्र स्पष्ट होते. यासाठी पूर्वी फूरिए परिवर्तन नावाची लांबलचक आकडेमोड करावी लागे. ती टाळून सरळ छायेवरच काम भागते आणि गणकयंत्राचा पुष्कळ वेळ वाचतो, हे या दोघांनी दाखविले. रेडिओ दुर्बिणींच्या कामासाठी ब्रेसवेल व रिडल यांनी १९६७ साली याच स्वरूपाची रीत मांडली होती. शरीराच्या छायांच्या क्षेत्रात ती रूढ होण्यास बंगळुरूचा निबंध कारणीभूत झाला.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काटछेद चित्र घेतले. आज ज्यास आपण सी.टी. स्कॅन म्हणतो त्याचा हा आरंभ होय. हाउन्सफील्ड यांच्या पहिल्या यंत्रातील आकडेमोडीची रीत निराळी होती. परंतु पुढील यंत्रांनी छायेवर संस्कार करून ती उलट पसरण्याचीच वाट धरली. या संस्कारासाठी वापरल्या जाणाऱ्या गणिती चाळणीस रामचंद्रन व लक्ष्मीनारायणन यांच्या नावांवरून आजही 'रॅम-लॅक' असे म्हणतात. १९८४ साली फेल्डकॅम्प, डेव्हिस व क्रेस यांनी ही रीत शंकूच्या आकाराने पसरणाऱ्या क्ष-किरणांना लागू केली. आता उपचाराच्या खोलीत, लिनॅकवरच बसविलेल्या यंत्राने जे चित्र घेतात त्याचा पाया हाच आहे.

हलत्या वस्तूचे चित्र

या सर्व गणितात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. सर्व बाजूंच्या छाया घेऊन होईपर्यंत वस्तू जागची हलता कामा नये. पहिली छाया यकृत वर असताना घेतली आणि शेवटची ते खाली असताना घेतली, तर त्या दोन छाया जणू दोन निराळ्या वस्तूंच्या होत. त्यांची बेरीज केली असता गाठीचा आकार लांबट, तुटक किंवा मुळातल्याहून लहान दिसू शकतो. श्वासपटलाची कड करवतीच्या दात्यांसारखी उमटते. अशा चित्रावर विश्वासून झोताची हद्द आखली, तर उपचाराच्या अगदी पहिल्या पायरीवरच चूक होते.

यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्याच्या आरंभी काळाचा हिशेब ठेवणारे स्कॅन प्रचारात आले. त्यास चतुर्मिती सी.टी. म्हणतात, लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला काळ हे चौथे परिमाण. एखादा झोपाळा झुलत असताना त्याची शेकडो छायाचित्रे घेतली व मागाहून ती झोपाळ्याच्या स्थितीप्रमाणे निवडून निरनिराळ्या गड्ड्यांत ठेवली, तर प्रत्येक गड्डीत झोपाळा एकाच जागी दिसेल. येथेही तसेच करतात. रुग्णाच्या पोटावर एक लहानशी खूण ठेवून तिची खालीवर होणारी हालचाल कॅमेऱ्याने टिपतात, किंवा पोटाभोवती ताणला जाणारा पट्टा बांधतात. प्रत्येक छाया श्वासाच्या कोणत्या अवस्थेत घेतली गेली याची नोंद होते. नंतर पूर्ण श्वासचक्राचे बहुधा दहा भाग करून प्रत्येक भागाचे स्वतंत्र चित्र तयार करतात. दहा चित्रे एकामागून एक पाहिली असता गाठ कोणत्या मार्गाने व किती अंतर जाते हे डोळ्यांना दिसते.

मात्र ही निवड रुग्णाचा श्वास नियमित असेल तरच नीट साधते. भीतीने, खोकल्याने किंवा वेदनेने श्वास अडखळला, तर गड्ड्यांत सरमिसळ होते.

हालचालीस आवर घालण्याचे उपाय

गाठीचा मार्ग कळल्यावर तिच्या हालचालीचे काय करावयाचे, याला आजमितीस चार प्रकारची उत्तरे आहेत.

पहिला उपाय दाबाचा. रुग्णाच्या वरच्या पोटावर एक पट्टी किंवा फळी बसवून ती सोसवेल इतकी दाबतात. त्यामुळे श्वासपटलाला खाली उतरण्यास जागा कमी मिळते व रुग्ण उथळ श्वास घेऊ लागतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ब्लोमग्रेन व लॅक्स यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत शरीराभोवती बसणारी एक चौकट तयार केली आणि तीत दाबाची पट्टी वापरून यकृत व फुप्फुस यांच्या गाठींवर थोड्याच बैठकांत मोठी मात्रा देण्यास सुरुवात केली. १९९५ साली त्यांचे अनुभव प्रसिद्ध झाले. हा उपाय साधा व कमी खर्चाचा आहे. परंतु पोटात पाणी झालेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास तो सोसत नाही.

दुसरा उपाय श्वास रोखण्याचा. प्राणायामाची ओळख असलेल्या वाचकास पूरक, रेचक व कुंभक हे शब्द परिचित असतील. श्वास आत घेऊन रोखणे हा आंतर कुंभक आणि श्वास बाहेर सोडून रोखणे हा बाह्य कुंभक. यकृताच्या उपचारात बहुधा बाह्य कुंभकाचा प्रकार पसंत करतात. श्वास किती आत घ्यावयाचा हे दर वेळी कमीअधिक होते. पण स्वाभाविकपणे श्वास सोडून झाल्यावर श्वासपटल जवळजवळ त्याच जागी परत येते. रुग्णाने असा श्वास पंधरा-वीस सेकंद रोखला की तेवढ्या वेळात किरण द्यावयाचे, नंतर विसावा, नंतर पुन्हा तेच. श्वासाचा मार्ग ठरावीक क्षणी झडपेने बंद करून या कामी साहाय्य करणारे उपकरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातील विल्यम बोमाँट रुग्णालयात तयार झाले व त्याचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्याची कळ रुग्णाच्या हाती असते. घुसमट वाटल्यास त्याने ती सोडावी, की झडप उघडते व किरण थांबतात.

तिसरा उपाय वेळ साधण्याचा. रुग्ण नेहमीप्रमाणे श्वास घेत राहतो. यंत्र मात्र गाठ ठरावीक जागी आली असतानाच किरण सोडते व ती दूर जाताच थांबते. रुग्णालयात याला 'गेटिंग' म्हणतात. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठातील वैद्यांनी १९८९ साली या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. यात रुग्णास कष्ट कमी पडतात, परंतु श्वासचक्राचा बराच भाग किरणांविना जात असल्याने उपचारास वेळ अधिक लागतो.

चौथा उपाय पाठलागाचा. यात झोतच गाठीबरोबर हलतो. गाठीजवळ सोन्याचे बारीक कण सुईने ठेवतात. सोने क्ष-किरणांत ठळक दिसते व शरीरास अपाय करीत नाही. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात अशा कणांवर सतत क्ष-किरण नजर ठेवण्याची व्यवस्था प्रथम उभी राहिली. यंत्रमानवाच्या हातावर लहान लिनॅक बसविलेले 'सायबरनाइफ' हे यंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन ॲडलर यांच्या प्रयत्नांतून निर्माण झाले आणि १९९४ साली तेथे त्याचा पहिला उपचार झाला. पुढे त्यास श्वासाबरोबर हलण्याची शक्ती देण्यात आली. तरी येथेही एक अडचण उरते. गाठ कोठे आहे हे कळणे आणि यंत्राने तेथे पोहोचणे यांमध्ये सेकंदाचा काही अंश निघून जातो. म्हणून गाठ आता कोठे आहे एवढे पाहून भागत नाही. पुढच्या क्षणी ती कोठे असेल याचा अंदाज यंत्रास बांधावा लागतो.

या चारांपैकी अमुक एकच श्रेष्ठ असे म्हणता येत नाही. दमेकरी वृद्धास श्वास रोखवत नाही. तरुण व धीट रुग्णास तो सहज रोखता येतो. रुग्णाकडून आधी सराव करून घ्यावा लागतो, आणि सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत द्याव्या लागतात. बंगळुरूसारख्या शहरात कन्नड, तमीळ, तेलुगू, उर्दू, हिंदी व मराठी बोलणारे रुग्ण एकाच दिवशी एकाच यंत्रावर येऊ शकतात. श्वासाला कन्नडमध्ये 'उसिरु' म्हणतात, हा शब्द तेथील मराठी तंत्रज्ञास ठाऊक असावा लागतो. 'सोडा' आणि 'रोखा' या दोन आज्ञांत घोटाळा झाला, तर सर्व आखणी फुकट जाते.

उपचाराच्या खोलीतील चित्र

आखणीचे स्कॅन व प्रत्यक्ष उपचार यांमध्ये काही दिवसांचे अंतर असते. तेवढ्यात जठर भरलेले असते किंवा रिकामे. आतड्यांत वायू कमीअधिक होतो. रुग्ण त्या दिवशी उथळ श्वास घेतो किंवा खोल. पाठीचा कणा आखणीप्रमाणे तंतोतंत जुळला तरी यकृत त्या कण्याच्या संदर्भात काही मिलीमीटर वर किंवा खाली असू शकते. म्हणून हाडांवर विसंबून राहता येत नाही. प्रत्येक बैठकीच्या आधी, रुग्ण उपचाराच्या मेजावर असतानाच, नवे चित्र घ्यावे लागते. चित्राच्या मार्गदर्शनाने होणारा किरणोपचार तो हाच.

लिनॅकला जोडलेले क्ष-किरण यंत्र रुग्णाभोवती एक फेरी करण्यास साधारणतः एक मिनिट घेते आणि त्या फेरीत शेकडो छाया टिपते. एका मिनिटात रुग्णाचे पंधरा श्वास होतात. रामचंद्रन यांच्या गणिताने गृहीत धरलेली स्थिरता येथे पुन्हा भंग पावते. म्हणून श्वास रोखून, फेरीचे तुकडे करून छाया घेतात. किंवा झोपाळ्याच्या दृष्टान्ताप्रमाणे छाया निवडून वेगवेगळी चित्रे बनवितात.

एवढे करूनही आणखी एक मर्यादा राहते. यकृत व त्यातील गाठ यांची घनता जवळजवळ सारखीच असल्याने या चित्रात गाठ बहुधा वेगळी दिसतच नाही. तेव्हा श्वासपटलाचा घुमट, यकृताची कड, पूर्वी ठेवलेले सोन्याचे कण यांसारख्या साक्षीदारांवरून गाठीची जागा ठरवितात. क्ष-किरणांऐवजी चुंबकीय अनुस्पंदनाने चित्र घेणारे यंत्र लिनॅकसारख्या उपकरणाशी जोडण्याचे प्रयत्न यासाठीच झाले. अशा जोडयंत्राने रुग्णांवर उपचार करण्यास २०१४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे आरंभ झाला. त्यात मऊ अवयवांतील भेद अधिक चांगला दिसतो आणि उपचार चालू असतानाही गाठीवर नजर ठेवता येते. परंतु अशी यंत्रे अतिशय महाग आहेत.

फलश्रुती व मर्यादा

हालचालीचा हिशेब ठेवता येऊ लागल्यामुळे यकृतावरील किरणोपचाराचे स्वरूपच पालटले. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज थोडी मात्रा देत. आता निवडक रुग्णांत तीन ते पाच बैठकांत मोठी मात्रा देता येते. येथेही निरोगी यकृताची राखण हा नियम मुख्य आहे. कोलोराडोतील वैद्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन बैठकांच्या उपचारासाठी असा दंडक घातला होता की, किमान ७०० घनसेंटीमीटर निरोगी यकृतास एकंदर १५ ग्रेहून कमी मात्रा मिळाली पाहिजे.

याचा रुग्णास काय लाभ होतो? वाढलेल्या प्राथमिक कर्करोगाच्या १७७ रुग्णांवरील एका मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. यांतील बहुतेकांच्या गाठी रक्तवाहिन्यांत शिरलेल्या होत्या. केवळ सोराफेनिब हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १२.३ महिने भरले. आधी अशा नेमक्या किरणोपचाराची जोड मिळालेल्यांचे १५.८ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीच्या काठावरचा आहे, आणि त्यानंतरच्या काळात औषधेही बदलली आहेत. तरी यकृताच्या कर्करोगावर किरणांचा उपयोग नाही हा जुना समज आता टिकत नाही. शस्त्रक्रिया, यकृताचे प्रत्यारोपण, उष्णतेने गाठ जाळणे किंवा तिच्या रक्तवाहिनीत औषध सोडणे हे उपाय ज्यांना शक्य आहेत त्यांच्यासाठी त्यांचे महत्त्व कमी झालेले नाही; ज्यांना ते शक्य नाहीत त्यांच्यासाठी आणखी एक वाट खुली झाली आहे.

ही वाट यंत्रसामग्रीच्या व कुशल मनुष्यबळाच्या अभावी सर्वांपर्यंत पोहोचत नाही. मुंबईत १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि बंगळुरूत १९७३ साली स्थापन झालेली किदवाई स्मारक कर्करोग संस्था यांसारख्या ठिकाणी दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण येतात, आणि पुष्कळदा ते रोग फार पुढे गेल्यावर येतात. अशा वेळी उत्तम यंत्रही थोडेच करू शकते.

म्हणून या रोगाबाबत प्रतिबंधाचे महत्त्व फार आहे. कावीळ बी या विषाणूवर लस उपलब्ध आहे. तैवानने १९८४ साली नवजात बालकांना ही लस देण्यास प्रारंभ केला, आणि पुढे तेथील मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे १९९७ साली दाखविण्यात आले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणातही ही लस आली आहे. मद्यपान टाळणे, रक्त व सुया यांबाबत दक्षता बाळगणे, आणि बुरशी आलेला भुईमूग व मका न खाणे हे उपाय कोणासही करता येण्याजोगे आहेत; कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगास कारण होते.

ज्यांना रोग झालाच आहे त्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न मिलीमीटरचा व सेकंदाचा राहतो. उपचाराच्या मेजावरील रुग्ण श्वास सोडून तो काही क्षण रोखून धरतो. तेवढ्या अवधीत छाया घेतल्या जातात, अर्धशतकापूर्वी बंगळुरूच्या दोन शास्त्रज्ञांनी सोपी करून दिलेली आकडेमोड गणकयंत्र पार पाडते, तंत्रज्ञ मेज दोन-तीन मिलीमीटर सरकवून गाठ जागेवर आणतो, आणि मगच किरण सुरू होतात. या साखळीतील रुग्णाचा वाटा कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही. त्याने सूचना नीट समजून घेऊन, न घाबरता, सराव केल्याप्रमाणे श्वास राखला, तर त्याच्या निरोगी यकृताचा एक मोठा भाग वाचतो.